बाजारातून आणलेली शेळी खरंच गाभण आहे का? आणि विण्याची तयारी कशी करू?

शेवरीचं पान · १४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. मी तुळजापूर तालुक्यातली. बचत गटाच्या कर्जातून गेल्या वर्षी चार उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. ऑगस्टच्या मध्यात आठवडी बाजारातून आणखी दोन आणल्या. विकणाऱ्यानं दोन्ही तीन महिन्यांच्या गाभण म्हणून सांगितल्या आणि त्यापोटी जोडीमागं चार हजार जास्तीचे घेतले. त्याच्या हिशोबानं आता चार महिने झाले, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यात व्यायला हव्यात.

एकीला आम्ही काळी म्हणतो. तिचं पोट थोडंच सुटलंय, कास तर दिसतच नाही. दुसरी चांदी, कानावर पांढरे ठिपके आहेत. तिचं पोट चांगलं मोठं झालंय. महिनाभरात दोघींपैकी कुणीच माजावर आलेली नाही. घरात बोकड नाही, त्यामुळं इथं आल्यावर फळल्या असं होणं शक्य नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गाभण आहेत की नाहीत, हे घरच्या घरी कळेल का? आणि विण्याआधी काय काय तयार ठेवू? मागच्या हिवाळ्यात माझी एक शेळी रात्रीत व्याली. आम्हाला जाग आली नाही. सकाळी दोन्ही करडं ओलीच, गार पडलेली. शेळी त्यांना चाटत उभी होती. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही.

काळा माळ · १४ सप्टेंबर

ताई, पहिलं सांगतो, बाजारातल्या माणसाचे "तीन महिने" धरून चालू नका. शेळी कधी फळली हे त्यालाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं. कुणाकडून तरी घेतलेली असते, पोट बघून बोललेलं असतं.

शेळीचा माज साधारण १८ ते २१ दिवसांनी फिरतो. फळवल्यावर त्या सुमाराला ती उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, शेपटी हलवत ओरडली नाही, तर गाभ ठरला असं आपण धरतो. गाभण राहिल्यावर शेळी शांत होते, केसाला चकाकी येते, वैरणीला तोंड चांगलं लागतं. पण ह्या सगळ्या खुणा पोटभर खाणाऱ्या कुठल्याही शेळीत दिसतात. म्हणून माझा भरवसा हातावर. चौथ्या महिन्यात पहाटे, वैरण घालायच्या आधी, शेळीला उभी धरा. डावीकडं चाऱ्याचं कोठीपोट असतं, तिकडं बघू नका. उजव्या कुशीला, कासेच्या जरा पुढं, खालच्या अंगाला तळहात सपाट ठेवा. हलकं आत ढकला आणि हात तसाच ठेवा. आत करडू असलं तर काहीतरी टणक लांब जाऊन परत हाताला टेकतं, भरल्या घागरीतल्या लिंबासारखं. दाबायचं नाही, बोटं तर अजिबात खुपसायची नाहीत.

कासेचं म्हणाल तर पहिलारू पाट, म्हणजे पहिल्या वेताची तरुण शेळी, साडेतीन महिन्यांपासून कास धरायला लागते. दोन-तीन वेतं झालेली शेळी मात्र शेवटच्या दोन-तीन आठवड्यांतच कास सोडते. काळीचे दात बघितले का? वेत कितवं आहे हे कळलं तर कास नसण्याची काळजी निम्मी होईल.

शेवरीचं पान · १४ सप्टेंबर

काका, काळी पूर्ण दातांची आहे. सडही लांब आहेत, म्हणजे आधी व्यालेली दिसते. उद्या पहाटे हात लावून बघते.

नवा गोठा · १५ सप्टेंबर

मेडिकलमध्ये बायकांसाठी मिळणारी पट्टी शेळीच्या लघवीवर चालते असं एका व्हिडिओत बघितलं. पन्नास रुपयांत काम होईल. कुणी करून बघितलंय का?

दवाखाना रोजचा · १५ सप्टेंबर

दादा, ती पट्टी चालत नाही. बाईच्या गरोदरपणात लघवीत जे संप्रेरक उतरतं तेच ती पट्टी ओळखते. शेळीत ते तयारच होत नाही. एक रेघ आली म्हणून गाभण शेळी खाटकाला गेली तर केवढं नुकसान!

ताई, मी पशुवैद्यक आहे, तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात नोकरी करतो. दोन्ही शेळ्यांची सोनोग्राफी करून घ्या. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारा. पोटावर यंत्र फिरवून फळवल्यापासून ३० ते ४५ दिवसांत गाभ नक्की कळतो, पुढंही कळतो, आणि करडांचा अंदाज येतो.

चांदीबद्दल मला वेगळी शंका येते. पोट मोठं आणि माज बंद, हे चित्र खोट्या गाभणपणाचंही असू शकतं. त्यात गर्भ नसतो, पण अंडाशयावरचा, गाभ टिकवणारा पिवळा पुंज विरघळत नाही. शरीराला वाटत राहतं की गाभण आहे. गर्भपिशवीत पाणी साठतं, पोट वाढतं, माज येत नाही. मुदत उलटल्यावर एखाद्या सकाळी गोठ्यात नुसतं पाणी सांडलेलं दिसतं, करडू नाही, त्यामागून पडणारी वार नाही. लोक म्हणतात कुणाची नजर लागली. बाकी काही नाही, हा बरा होणारा आजार आहे.

एक कळकळीची विनंती. कुणी सांगितलं तरी तपासणीआधी माजावर आणायचं इंजेक्शन देऊ नका. ते पिवळा पुंज मोडतं. शेळी खरी गाभण असेल तर त्या इंजेक्शननं गाभडेल, म्हणजे गर्भ पडेल.

वऱ्हाडी वावर · १५ सप्टेंबर

ताई, मी अमरावतीकडचा, आमच्या बेरारी शेळ्या. तुमच्या नव्या दोन शेळ्या जुन्या चौघींत मिसळल्या का? मी हे मुद्दाम विचारतो. दोन वर्षांमागं मी बाजारातून एक गाभण शेळी आणली आणि त्याच दिवशी कळपात सोडली. ती चौथ्या महिन्यात गाभडली. आम्ही म्हटलं, धक्का लागला असंल. पंधरा दिवसांत अजून दोन गाभडल्या. रक्त तपासलं तर ब्रुसेला निघाला.

तवा माझी सून पोटुशी होती आणि वार उचलायचं काम रोज तीच करायची. देवाची कृपा, तिला काही झालं नाही. पण डॉक्टरांनी मला बसवून समजावलं की हा रोग माणसाला होतो. गाभडलेलं करडू, वार, पाणी, कशालाच उघड्या हातानं शिवायचं नाही. गरोदर बाईनं तिथं जायचंच नाही. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, कुत्र्याला टाकायचं नाही. दूध उकळल्याबिगर प्यायचं नाही. नवी शेळी निदान तीन आठवडे वेगळी बांधा. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगतो.

शेवरीचं पान · २१ सप्टेंबर

काल टेम्पो करून दोघींना जिल्ह्याला नेलं. काका, काळीच्या कुशीला पहाटे हात लावला होता. तिसऱ्या दिवशी लागलं! टणक, गोल, हाताला टेकलं आणि सरकलं. मी तिथंच खाली बसले.

सोनोग्राफीत काळीच्या पोटात दोन करडं दिसली. डोक्याच्या मापावरून डॉक्टरांनी शंभर दिवसांच्या आसपास सांगितलं, म्हणजे फळली जूनच्या दहा तारखेच्या सुमाराला. दीडशे दिवस धरले तर ७ नोव्हेंबर. बाजारातल्या हिशोबात आणि ह्याच्यात तीन आठवड्यांचा फरक. ऑक्टोबरमध्ये मी रात्र रात्र जागले असते आणि खऱ्या वेळी दमून झोपले असते.

चांदीच्या पोटात पाणीच आहे. पडद्यावर नुसता काळा डोह दिसत होता, त्यात काही नाही. बारा दिवसांच्या अंतरानं दोन इंजेक्शनं द्यायची ठरली, पहिलं काल दिलं. वाईट वाटलं, पण निदान कळलं. दोघींचं ब्रुसेलासाठी रक्तही दिलं. वऱ्हाडी दादा, तुमचे उपकार. शेळ्या मी पहिल्या दिवसापासून मिसळल्या होत्या, आता वेगळ्या बांधल्यात.

आता काळीच्या खुराकाचं सांगा. शेजारी म्हणतात, शेवटी खाणं कमी कर, नाहीतर करडं मोठी होऊन अडतील.

प्रवरेकाठ · २१ सप्टेंबर

हे ऐकूच नका ताई. आमच्या संगमनेरी शेळ्यांच्या बाबतीत घरातल्या जाणत्यांनी मला हेच सांगितलं होतं आणि मी ऐकलं. जुळी पोटात असलेली शेळी विण्याआधी दहा दिवस खाईनाशी झाली. कोपऱ्यात मान टाकून उभी राहायची, दात खायची, भिंतीला डोकं लावायची. तोंडाला गोडसर, सडक्या फळासारखा वास येत होता. डॉक्टर येईपर्यंत ती बसली ती उठलीच नाही. माझी चांगली शेळी होती, रोज दीड लिटर दूध द्यायची.

दवाखाना रोजचा · २२ सप्टेंबर

प्रवरेकाठ यांनी सांगितलं ते गाभणपणातलं विषारीपण. करडांची जवळपास दोन तृतीयांश वाढ शेवटच्या दीड-दोन महिन्यांत होते. त्याच वेळी वाढलेली पिशवी कोठीपोटाला दाबते, त्यामुळं शेळीला एका वेळी जास्त खाता येत नाही. खाणं कमी पडलं की ती अंगची चरबी जाळते, त्यातून विषारी घटक रक्तात साठतात. जुळी-तिळी असलेल्या शेळीला धोका जास्त. खूप लठ्ठ शेळीलाही असतो, कारण तिला भूकच कमी लागते.

म्हणून आतापासून दिवसाला पाव किलो खुराक सुरू करा आणि विण्यापर्यंत हळूहळू तीन-साडेतीनशे ग्रॅमपर्यंत न्या, दोन वेळेला विभागून. मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, गव्हाचा कोंडा आणि खनिज मिश्रण. एकदम वाढवला तर पोटात आम्ल होऊन वेगळंच दुखणं लागेल. शेवरी, हादगा, तुरीची गुळी चांगली. सुबाभूळ थोडाच घाला, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नको. जंताचं औषध स्वतःच्या मनानं देऊ नका, अल्बेंडाझोल तर गाभणपणाच्या सुरुवातीला करडात व्यंग आणतं. आंत्रविषाराची लस विण्याआधी साधारण महिनाभर द्यावी, म्हणजे चिकातून करडांना संरक्षण मिळतं. काळीला आधी लस दिली होती की नाही हे माहीत नसल्यानं तुमचे डॉक्टर कदाचित दोन मात्रा देतील.

अजून दूध काढत असाल तर आजच बंद करा. विण्याआधी दोन महिने कास आटलेली हवी.

काळा माळ · ६ ऑक्टोबर

ताई, थंडी लागायच्या आत जागा करून घ्या. भिंतीच्या आडोशाला पाच फूट बाय पाच फूट पुरे. जमीन खरवडून चुना भुरभुरा, आठ दिवस तशीच वाळू द्या, मग कोरडा भुसकट पसरा. उसाचं पाचट मी घालत नाही, ओल धरतं. पाण्याची बादली विण्याच्या दिवसांत उंचावर टांगा. उभ्यानं व्यालेल्या शेळीचं करडू बादलीत पडून मेलेलं मी बघितलंय. करडं झाकायला डालगं आहे ना घरात? ते उन्हात टाकून ठेवा.

एका डब्यात सामान एकत्र ठेवा, रात्री शोधायला लावू नका. धुतलेलं जुनं सुती कापड, दोन बारदानं, टिंक्चर आयोडीन, उकळलेली कात्री आणि दोरा, साबण, गोडेतेल, बॅटरी, हातमोजे. डॉक्टरचा नंबर भिंतीवर खडूनं लिहा, मोबाईल कधी बंद पडेल सांगता येत नाही. १९६२ हा जनावरांच्या दवाखान्याचा नंबरही लिहून ठेवा.

शेवरीचं पान · ५ नोव्हेंबर

रक्ताचे अहवाल दोघींचे चांगले आले. चांदीची दोन्ही इंजेक्शनं झाली, पाणी गेलं, ५ ऑक्टोबरला माजावर आली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो माज सोडला. २६ ला पुन्हा आली तेव्हा शेजारच्या गावातला जुळ्यातला बोकड दाखवला, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा.

काळीची कास कालपासून भरायला लागली. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना दोरीसारख्या शिरा लागतात त्या आज मऊ पडल्यात, पण अजून हाताला लागतात. किती वेळ राहिला?

काळा माळ · ५ नोव्हेंबर

त्या शिरा रोज सकाळ-संध्याकाळ चाचपा. ज्या वेळी बोटं शेपटीच्या दोन्ही बाजूंनी पार आत जातील आणि शिर सापडणारच नाही, त्यानंतर बहुतेक एका दिवसात व्यायचीच. कास तणतणीत होऊन चकाकते, सड फुगतात. कळपापासून बाजूला जाते, पायानं जमीन उकरते, उठ-बस करते, मागं वळून बघते. आणि पोटाकडं बघत एक वेगळाच हळू आवाज काढते. तो एकदा ऐकलात की पुढं कधी विसरणार नाही.

दवाखाना रोजचा · ५ नोव्हेंबर

वेळेची खूणगाठ बांधा. जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा तास झाला आणि काहीच पुढं सरकलं नाही, तर डॉक्टरला फोन. आधी पाणमोट दिसते, मग दोन पुढचे खूर आणि त्यावर टेकलेलं नाक. हे बरोबर. दोन मागचे पाय आले तरी करडू येतं, फक्त मग वेळ काढायचा नाही. एकच पाय, नुसतं डोकं किंवा नुसती शेपटी दिसली तर अडलंय. ओढायचं नाही. मला फोन करा, किती वाजले हे बघू नका. नंबर निरोपात पाठवलाय.

शेवरीचं पान · ९ नोव्हेंबर, सकाळी ७

काळी व्याली. दोन! एक पाट, एक बोकड. दोन्ही डालग्याखाली झोपलेत. हात अजून थरथरतायत, पण आत्ताच लिहिते.

काल संध्याकाळी शिरा सापडेनाशा झाल्या. अकरा वाजता तिनं जमीन उकरायला घेतली आणि काका, तो आवाज मी ऐकला. दीडच्या सुमाराला पाणमोट फुटली. मग एक खूर आला, वर नाक. दुसरा खूर नाही. कळा जोरात, ती ओरडत होती. वीस मिनिटं बघितलं आणि इथल्याच 'दवाखाना रोजचा' डॉक्टरांना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. गावातले डॉक्टर निघाले होते, पण त्यांना तास लागणार होता.

फोन सासूबाईंच्या हातात, स्पीकरवर. नखं संध्याकाळीच कापली होती. कोपरापर्यंत साबणानं हात धुतला, तेल लावलं. कळ थांबल्यावर करडाचं कपाळ तळहातानं हळूच आत सारलं. आत खूप गरम असतं, आणि कळ आली की मनगट आवळून धरतं. मानेखालून बोटं सरकवली तर खांदा लागला, मग दुमडलेला गुडघा. डॉक्टर सांगत होते, "खूर मुठीत झाका, पिशवीला टोचू देऊ नका, मग पुढं आणा." तो खूर माझ्या मुठीत आला तेव्हा मऊ होता, ओल्या खोबऱ्यासारखा. पुढं आणला, आणि पुढच्या दोन कळांत पाट बाहेर आली. २.१ किलो.

पंधरा मिनिटांनी दुसरं आपोआप आलं, पण निपचित. नाका-तोंडातला चिकटा कापडानं काढला, बारदानानं छाती घासत राहिले, गवताची काडी नाकपुडीत फिरवली. किती वेळ गेला माहीत नाही. शिंकलं! मग ओरडलं. नाळ दोन बोटं ठेवून बांधली, कापली, टिंक्चरमध्ये बुडवली.

एक गोष्ट विचारायची आहे. सासूबाई म्हणाल्या, वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, त्यांच्या सासूनं तसंच शिकवलं. मी त्यांना मागच्या वर्षीची करडं आठवून दिली. म्हटलं, आई, ह्या वेळी माझं ऐका. त्या काही बोलल्या नाहीत, स्वतःच पाटीला उचलून सडाला लावलं. तीनच्या आत दोघं प्यायली. पाच वाजता वार पडली. पाजलं ते बरोबर केलं ना?

दवाखाना रोजचा · ९ नोव्हेंबर

ताई, शंभर टक्के बरोबर. शेळीच्या वारेतून रोगप्रतिकारशक्ती करडाच्या रक्तात जात नाही. करडू ह्या बाबतीत रिकामं जन्मतं, जे मिळतं ते चिकातूनच. आणि आतड्यातून ती शोषली जायची वाट तासातासाला अरुंद होत जाते, एका दिवसात बंद होते. पहिला घोट तासाभरात हवा. दिवसभरात वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे तुमच्या पाटीला दोनशे मिलीच्या वर, थोडा थोडा करून. शिवाय करडू सड ओढतं तेव्हा शेळीची पिशवी आकसते. वार पडायची वाट बघत थांबू नका, पाजलं की ती लवकर पडते. वार बारा तासांत पडली नसती तरी ओढायची नसते, डॉक्टरला बोलवायचं असतं.

तुम्ही आत हात घातलाय, म्हणून गावातल्या डॉक्टरांकडून काळीला आजच तपासून घ्या. ताप, घाण वास, खाणं बंद, ह्यातलं काही दिसलं तर थांबू नका. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

वऱ्हाडी वावर · ९ नोव्हेंबर

ताई, वाचता वाचता डोये भरून आले. काळीला कोमट पाण्यात गूळ दिला का? आणि बाजरीचा पातळ घाटा. पहिल्या दिवशी पेंड नोका देऊ.

शेवरीचं पान · १८ नोव्हेंबर

दादा, गूळपाणी लगेच दिलं होतं, बादलीभर प्यायली. डॉक्टर दुपारी येऊन काळीला तपासून गेले, पाच दिवस औषध चाललं. आता खुराक सगळा संपवते. पाट ३.१ किलो, बोकड ३.४. उन्हात भिंतीवर चढायला बघतात.

चांदीचा माज १६ ला उलटायला हवा होता, उलटला नाही. वहीत फळवल्याची तारीख २६ ऑक्टोबर आणि पुढं २५ मार्च लिहिलंय. पण नुसत्या माज बंद होण्यावर ह्या वेळी विसंबणार नाही. १० डिसेंबरला पंचेचाळीस दिवस होतात. त्या दिवशीचा टेम्पो आजच सांगून ठेवला.